सिंगल कॉइल, हंबकर की पी-९०? इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप कसा निवडायचा

इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन बघायला गेलात की वर्णनात एसएसएस, एचएसएस, एचएच अशी अक्षरं दिसतात. ही पिकअपची मांडणी आहे: एस म्हणजे सिंगल कॉइल, एच म्हणजे हंबकर. गिटारच्या रंगाआधी ही अक्षरं बघा, कारण आवाजाचा स्वभाव बराचसा इथेच ठरतो.

पिकअप काम कसं करतो?

चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढंच. वर स्टीलची तार थरथरली की वेढ्यांमध्ये छोटासा विद्युत सिग्नल तयार होतो. शाळेत शिकलेलं फॅरेडेचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच! म्हणूनच नायलॉनच्या तारांवर हा पिकअप चालत नाही.

सिंगल कॉइल

आवाज स्वच्छ, चमकदार, प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन पिकअप होते. तोटा एकच, गुणगुण. ही कॉइल अँटेनासारखी वागते आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा गोंगाटही पकडते. गेन वाढवला की तो जास्तच जाणवतो.

हंबकर

यात दोन कॉइल असतात. दुसऱ्या कॉइलचे वेढे आणि चुंबकाचे ध्रुव, दोन्ही उलटे. त्यामुळे बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडते आणि तारांचा सिग्नल मात्र जोडला जातो. इथरनेट केबलमधल्या तारांच्या जोड्याही साधारण याच युक्तीने गोंगाट घालवतात. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आवाज जाड, उबदार. डिस्टॉर्शनला एकदम फिट.

पी-९०

गिब्सनचाच, १९४६ चा. आहे सिंगल कॉइल, पण रुंद. आवाज या दोघांच्या मधला, थोडा खरखरीत. गुणगुण मात्र राहते.

अ‍ॅक्टिव्ह पिकअप

यात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप असतो. गोंगाट कमी, सिग्नल दणदणीत. वाजवून झालं की केबल काढा, नाहीतर बॅटरी उतरत राहते.

जागाही महत्त्वाची

मानेजवळचा पिकअप गोल, मऊ आवाज देतो, ब्रिजजवळचा धारदार. एकाच गिटारवर स्विच फिरवून हा फरक लगेच ऐकता येतो.

मग कोणता घ्यायचा?

• फंक, क्लीन कॉर्ड्स: सिंगल कॉइल
• हार्ड रॉक: हंबकर
• ब्लूज, गॅरेज रॉक: पी-९०
• मेटल: हंबकर किंवा अ‍ॅक्टिव्ह
• जॅझ: मानेजवळचा हंबकर

पहिलीच गिटार असेल आणि आवड अजून ठरली नसेल, तर मी एचएसएस सुचवेन. ब्रिजला हंबकर, बाकी दोन सिंगल कॉइल. जवळपास सगळं वाजवून बघता येतं.

नवीन पिकअपवर पैसे घालण्याआधी दोन फुकटचे उपाय करा. एक, बाजूचे स्क्रू फिरवून पिकअपची उंची बदला. तारांजवळ नेला की आवाज वाढतो. पण फार जवळ नेला तर चुंबक तारांना ओढतो आणि सूर बिघडतो. दोन, मोबाइलवरचं अँप अ‍ॅप वापरत असाल तर चार्जर काढा आणि फोन गिटारपासून लांब ठेवा. एवढं करूनही आवाज पटला नाही, तरच पिकअप बदलायचा विचार करा.