तोडीचा हंगाम

आमच्या रायगड जिल्ह्याला पूर्वी कुलाबा म्हणत. तिथल्या भातशेतकऱ्याची जमीन दोन तऱ्हेची. खाली भाताची खाचरं आणि वर डोंगरउताराला वरकस. वरकसात दोन-तीन वर्षं नाचणी-वरी घ्यायची, मग ते पडीक टाकायचं. पडीक टाकलं की चार पावसाळ्यांत तिथं रान माजतं. ऐन, किंजळ, कुडा, धायटी, मधे करवंदीच्या जाळ्या. माणूस शिरणार नाही इतकं दाट. हे रान तोडायचं कधी, हा आमच्याकडे पिढ्यान् पिढ्यांचा प्रश्न आहे.

माझा आजा या प्रश्नाला सरळ उत्तर देत नसे. उलट विचारी, "तोडतोस ते परत यायला पायजे का नको, ते आधी सांग." लहानपणी मला ही नुसती थट्टा वाटे. पुढे कळलं, की सगळं त्या एका प्रश्नात आहे.

परत यायला हवं, त्याची तोड थंडीत. भाताच्या राबासाठी ऐन-किंजळीचा टहाळ लागतो. तो कार्तिकापासून पौषापर्यंत उतरवायचा. ऐनाची पानं माघ-फाल्गुनात गळायला लागतात, म्हणजे उशीर केला तर हाती नुसत्या काटक्या. आणि पावसाळ्यातच कोयता लावला, तर झाडाची वाढ ऐन भरात मारली जाते. थंडीत झाडाने वर्षाची कमाई मुळात-खोडात साठवलेली असते. तेव्हा छाटलं तरी उन्हाळ्यात त्याच साठवणीवर नवे फुटवे येतात. वरचा शेंडा मात्र राखायचा. तो तोडणाऱ्या पोराला आजा खाली उतरवायचा आणि दुसऱ्याच्या हाती कोयता द्यायचा.

नको असलेल्याचा हिशेब उलटा. घाणेरी, रानमोडी यांची पालवी पावसात फुटते, तेव्हा मुळातली साठवण त्यात खर्च होते. श्रावण-भाद्रपदात जमीन मऊ असते, झुडूप मुळासकट निघतं. रानमोडी मार्गशीर्षाच्या आसपास फुलते आणि मग तिचं बी वाऱ्यावर उडतं. फुलल्यावर तोडली तर ती तोडणी नव्हे, पेरणीच. पण उतारावर मूळ उपटायचं नाही, बुंध्याशी कापायचं. मूळ माती धरून राहतं. आणि पावसात जाळीत हात घालण्याआधी काठीने आपटायचं, कारण आमच्याकडे फुरशांची वाण नाही.

बांबूचा कायदा आणखी वेगळा. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब वर येत असतात, त्या वेळी बेटाकडे फिरकायचंही नाही. कार्तिकानंतर जुने बांबू तोडायचे, तेही अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे भुंगा लागत नाही, असं म्हातारी माणसं सांगत.

थंडीत उतरवलेला टहाळ वाळायला ठेवला जाई. फाल्गुन-चैत्रात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, टहाळ, पातेरा, गवत असे थर लावायचे, वर मातीचा पातळ हात फिरवायचा आणि वारा पडला की पेटवायचं. आगही वाऱ्याच्या उलट दिशेने लावायची. तशी ती सावकाश जळते आणि खालची माती नीट भाजते. मग मृगाच्या पावसाला त्या भाजलेल्या मातीत भाताचं बी. तण कमी, रोप जोमदार.

इंग्रजांना हे पटलं नाही. १८७८ साली जंगलाचा कायदा आला. अधिकाऱ्यांना टहाळ उतरवलेलं बोडकं झाड दिसलं की ते म्हणत, हा शेतकरी रान मारतो. ते झाड वैशाखात फुटतं, हे पाहायला तेव्हा तिथं कोण थांबणार? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून गाऱ्हाणी इतकी वाढली, की मुंबई सरकारला १८८५ साली जंगल कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राब आणि वरकस हे त्यातले मोठे विषय. जोतीराव फुल्यांनीही त्याच सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले होते. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी राबाचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ साली छापला. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही, माती तापण्यात आहे, असा त्यांच्या प्रयोगांचा रोख होता. शेतकऱ्याचं म्हणणं पंचवीस वर्षं उशिरा का होईना, कागदावर आलं.

आमच्या जिल्ह्यात एकदा मात्र हंगाम सोडून तोड झाली. २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर शेकडो गावकरी कोयते घेऊन चढले. पावसाळा सरत होता. त्या दिवसांत राबाचा टहाळ कोणी उतरवत नाही. ती तोड राबासाठी नव्हतीच, हक्कासाठी होती. गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. जंगल सत्याग्रह म्हणून आपण ते वाचतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या माणसांना कोयता कधी चालवायचा हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो अवेळी चालवण्याला अर्थ होता.

आता कोयता चालवणारेच कमी झाले. आमच्या डोंगराची वरची बाजू काही वर्षांपूर्वी शहरातल्या एकाने घेतली. वैशाखात जेसीबी आणला आणि तीन दिवसांत सगळा उतार मुळासकट मोकळा केला. काम सफाईदार होतं. आमच्याकडे टहाळ उतरवायचा नेहमीचा कातकरी नाना खालच्या बांधावर बसून बघत होता. म्हणाला, "आता पावसाला आडवायला काय ठेवलंय यानं?" आषाढात उत्तर आलं. लाल चिखलाचा लोंढा खालच्या चार खाचरांत उतरला, नुकती लावलेली लावणी गाडली गेली. ती खाचरं ज्या घराची, त्यांनी त्या वर्षी तांदूळ विकत आणला. रान परत आलं, पण ऐन-किंजळ नाही, सगळी रानमोडी. जे परत यायला हवं होतं ते मुळासकट गेलं आणि नको होतं तेच माजलं.

शहरातून येऊन जमीन घेणारे कधी कधी मला विचारतात, साफसफाई केव्हा करावी? मी महिना सांगत नाही. आधी त्यांच्यासोबत रानात एक चक्कर मारतो. हा ऐन, हा किंजळ, ही घाणेरी, असं बोट दाखवतो. काय ठेवायचं ते ठरलं, की उताराच्या तोडीला वैशाख-ज्येष्ठ टाळा एवढंच बजावतो. त्या दिवसांत पाखरांची घरटी असतात आणि पाऊस दारात उभा असतो. उरलेलं पंचांग झाडं स्वतःच सांगतात. त्यासाठी एक वर्ष काहीही न तोडता नुसतं बघावं लागतं. ते कबूल करणारे थोडे, पण जे करतात त्यांच्या उतारावर आजही पहिल्या पावसाचं पाणी गढूळ न होता खाली येतं.