इन्सुलिन बनतं कसं? कारखान्याच्या टाकीपासून घरातल्या मडक्यापर्यंत

आमची आत्या शहापूर तालुक्यात किन्हवलीजवळ राहते. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. गेल्या मे महिन्यात तिची साखर काही केल्या खाली येईना. डोस तोच, जेवण तेच. सुट्टीत गेलो तेव्हा फ्रिज उघडला, तर बाटली बर्फाच्या कप्प्यात! "अरे, लाईट सारखी जाते, तिथं जास्त वेळ गार राहतं," ती म्हणाली. बाटली हातात घेऊन फिरवली तर दुधाळ औषध एकसारखं होईना, काचेला गुठळ्या चिकटलेल्या.

गोठल्यावर ते वाया का गेलं? हे कळायला इन्सुलिन बनतं कसं ते बघावं लागतं.

इन्सुलिन म्हणजे काय?

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन आहे. त्यात दोन साखळ्या असतात, एक २१ ची आणि एक ३० ची. गंधकाचे दोन पूल या साखळ्यांना जोडतात आणि तिसरा पूल लहान साखळीच्या आतच असतो. या पुलांमुळे रेणूला एक ठरावीक घडी पडते. औषधाचं काम ही घडी करते. ती मोडली की अमिनो आम्लं तीच राहतात, पण उपयोग शून्य.

पूर्वी इन्सुलिन डुक्कर आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढायचे. डुकराचं इन्सुलिन माणसापेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं असतं, गाईचं तीन. साधारण सव्वादोनशे ग्रॅम इन्सुलिनसाठी दोन टनांहून जास्त स्वादुपिंडं लागायची. दिवसाला ४० युनिट घेणाऱ्याला वर्षाला अर्धा ग्रॅम लागतं, म्हणजे एवढ्या खटाटोपात जेमतेम साडेचारशे लोकांची वर्षभराची सोय!

जीन टाकणं हा सोपा भाग

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या जेनेन्टेकने माणसाच्या इन्सुलिनची जनुकीय सूचना ई. कोलाय या जिवाणूत घालून दाखवली. १९८२ मध्ये एली लिलीच्या ‘ह्युम्युलिन’ला तिथे मंजुरी मिळाली. आपल्याकडे औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कारखाना असलेल्या वोक्हार्टने २००३ मध्ये ‘वोसुलिन’ आणलं. त्यासाठी जिवाणू नाही, तर हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा नावाचं यीस्ट वापरलं. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या बायोकॉनने पिकिया या दुसऱ्या यीस्टमधून इन्सुलिन बाजारात आणलं.

यीस्टच का? मला हा सगळ्यात भारी भाग वाटतो. ई. कोलाय प्रोटीन भराभर बनवतो, पण त्याला घडी घालता येत नाही. पेशीच्या आत त्याच्या घट्ट गाठी होतात. मग पेशी फोडा, गाठी धुवा, आठ मोलर युरियासारख्या तीव्र द्रावणात विरघळवा, चुकीचे पूल तोडा आणि द्रावण खूप पातळ करून रेणूंना नव्याने घडी घालू द्या. सहा गंधकाच्या जागा जोडीजोडीने जुळायच्या १५ रीती आहेत, बरोबर फक्त एक. द्रावण दाट ठेवलं तर रेणू एकमेकांतच गुंततात. यीस्ट मात्र घडी घातलेलं कच्चं इन्सुलिन थेट बाहेरच्या द्रावणात सोडतं. उत्पन्न किती, वेळ किती यावर कंपन्या दोन्ही रस्ते वापरतात.

दोन्हीकडे साखळ्यांना जोडणारा जादा तुकडा ट्रिप्सिनसारख्या एन्झाइमने कापावा लागतो. मग सुरू होतं शुद्धीकरण.

एका अणुगटाचा फरक ओळखायचा

पहिली चाळणी विद्युतभाराची. द्रावण खास मण्यांनी भरलेल्या नळीतून सोडतात. इन्सुलिन मण्यांना चिकटतं, बराच कचरा वाहून जातो. मग पीएच किंवा मिठाचं प्रमाण बदलून इन्सुलिन सोडवून घेतात. पुढची चाळणी जास्त बारीक: तेलकट थर दिलेल्या सिलिकावरून रेणू वेगवेगळ्या वेगाने उतरतात. इथे डेसअमिडो इन्सुलिन वेगळं पडतं, म्हणजे एका जागचा छोटासा अमाइड गट गेलेला रेणू. औषधसंहितेप्रमाणे २१ व्या जागी असा बदल झालेले रेणू २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत, आणि एकमेकांना चिकटलेले मोठे रेणू १ टक्क्यापेक्षा जास्त नाहीत. जिवाणू वापरला असेल तर त्याच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिनही काढावं लागतं, नाहीतर इंजेक्शनने ताप भरेल.

शेवटी जस्त घालून स्फटिक बनवतात. जस्ताभोवती सहा-सहा रेणू एकत्र बसतात आणि टिकतात.

एवढं सगळं करून १० मिलिच्या, ४० युनिटवाल्या बाटलीत प्रोटीन किती? जेमतेम १४ मिलिग्रॅम. बाकी पाणी, जस्त आणि जंतुरोधक. तो विशिष्ट वास जंतुरोधकाचाच.

शहापूर-मुरबाडमध्ये सांभाळायचं कसं?

गोठणं, उष्णता आणि जोरात हलवणं, तिन्हींनी इन्सुलिन बिघडतं, रेणू पुन्हा एकमेकांना चिकटतात. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात, बर्फाजवळ कधीच नाही. वापरातली बाटली २५-३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते (बाटलीसोबतचा कागद वाचा). एकदा गोठलेलं परत वितळवून घेऊ नका, ते फेकायचंच. दुधाळ औषध तळहातात हळू फिरवायचं, हलवायचं नाही.

वीज टिकत नसेल तर एका मडक्यात दुसरं छोटं मडकं, मध्ये ओली वाळू, आणि आत बाटली प्लास्टिकच्या डबीत. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात हे छान चालतं. पावसाळ्यात हवा दमट म्हणून परिणाम कमी होतो, पण तेव्हा ऊनही नसतं.

सिरिंजही बघून घ्या. लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० युनिटचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर अडीच पट डोस जातो, आणि साखर धोकादायक खाली येऊ शकते.

आत्याची साखर नव्या बाटलीवर काही दिवसांत खाली आली. तोवर डोस वाढवायचा तिचा विचार पक्का झाला होता, आणि वाढवून नवी बाटली फोडली असती तर वेगळीच धावपळ झाली असती. डोस वाढवायच्या आधी बाटली बघा, आणि डॉक्टरांना विचारा. आता तिच्या स्वयंपाकघरात माठाशेजारी दुहेरी मडकं आहे, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख मी बॉलपेनने लिहून आलोय.