पदच्युत राजाचा अपराध : नागपूर दरबाराच्या एका कथानाविषयी

1 फेब्रुवारी 1817 रोजी नागपूरच्या राजवाड्यात परसोजी भोसले अंथरुणात मृतावस्थेत आढळले. दुसऱ्या रघूजींचे हे पुत्र शरीराने व बुद्धीने दुर्बळ होते. मार्च 1816 मध्ये पित्याच्या निधनानंतर गादी त्यांच्याकडे आली, तरी कारभार चुलतबंधू मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या हाती होता. मृत्यूसमयी आप्पासाहेब चांद्याकडे गेलेले होते. खुनाची कुजबुज झाली. परंतु रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी त्या वेळी आरोप उभा केला नाही आणि आप्पासाहेब राजे झाले.

यापुढील घटनांचा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, तीत आप्पासाहेबांचा पराभव झाला. तरीही जानेवारी 1818 मध्ये जाचक अटींवर का होईना, त्यांना गादीवर राहू देण्यात आले. मार्चमध्ये, पेशव्यांशी संधान बांधल्याच्या संशयावरून, त्यांना कैद झाली. आणि परसोजींच्या खुनाचा पुरावा ‘उजेडात’ आला तो यानंतर. अपराध 1817 चा, त्याचे कथन 1818 चे. आरोप खोटा होता असे यावरून सिद्ध होत नाही. दरबारी राजकारणात असे खून अशक्य नव्हते. पण आरोपाला जी कथात्म संगती लाभली ती पराभवाने दिली, एवढे निश्चित म्हणता येते.

हा आकृतिबंध इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अनोळखी नाही. 1483 मध्ये लंडनच्या टॉवरमधून दोन अल्पवयीन राजपुत्र नाहीसे झाले. 1485 मध्ये त्यांचा चुलता तिसरा रिचर्ड रणांगणावर पडला. आणि त्याच्या दुष्टतेची सुसंगत कथा रचली गेली ती मुख्यतः सोळाव्या शतकात, विजेत्या ट्यूडर घराण्याच्या छायेत. इटलीहून आलेल्या पॉलिडोर व्हर्जिलला इतिहास लिहिण्यास सातव्या हेन्रीचे उत्तेजन होते. टॉमस मोर बालपणी रिचर्डचा विरोधक मॉर्टन याच्या घरी वाढला. व्हर्जिल आणि मोर यांच्यापासून हॉल, हॉलमधून हॉलिन्शेड आणि तेथून शेक्सपिअर असा हा प्रवाह आहे. (2012 मध्ये लेस्टर येथे सापडलेल्या सांगाड्याने पाठीचा बाक खरा ठरवला, वाळलेला हात मात्र नाही. विजेत्यांची कथा सर्वस्वी खोटी नसते, ती हिशेबापेक्षा थोडी अधिक असते.)

साम्य याहूनही खोल आहे. हेन्रीची राणी एलिझाबेथ ही त्या नाहीशा झालेल्या राजपुत्रांची बहीण. म्हणजे यॉर्क घराणे कलंकित ठरवून चालणार नव्हते. एकटा रिचर्ड घराण्याबाहेर काढायचा होता. नागपुरातही जून 1818 मध्ये गादीवर बसवले गेलेले तिसरे रघूजी हे दुसऱ्या रघूजींचे दौहित्र, बाजीबा गुजर. त्यांचाही वारसा स्त्रीच्या बाजूने आलेला, दत्तकविधानाने पक्का केलेला. भोसल्यांचे मोठेपण नव्या व्यवस्थेला हवेच होते. नको होते ते फक्त आप्पासाहेब. एका व्यक्तीवर अपराध केंद्रित करणे ही दोन्ही ठिकाणी वारशाच्या युक्तिवादाची गरज होती.

या संदर्भात काशीराव राजेश्वर गुप्ते यांच्या ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ या ग्रंथाकडे पाहावे लागते. या. मा. काळे यांनी 1936 मध्ये संपादित केलेली ही बखर मुळात लिहिली गेली ती जेन्किन्स यांच्या सांगण्यावरून. बखरवाङ्मयात ‘स्वामींची आज्ञा’ हा एक संकेत आहे. लेखक आज्ञेने बोलतो, म्हणून त्याच्या बोलण्याला अधिकार येतो. येथे आज्ञा करणारा मात्र स्वामी नाही. 1826 पर्यंत अल्पवयीन राजाच्या नावाने राज्य चालवणारा परकीय अधिकारी स्वामीच्या जागेवर बसला आहे. प्रकार तोच राहतो, भाषा तीच राहते, श्रोता बदलतो. आपल्याकडील बखरचर्चा विश्वसनीयतेच्या प्रश्नात इतकी गुंतली की श्रोत्याचा हा प्रश्न तिने क्वचितच विचारला. नवइतिहासवादाची परिभाषा उसनी न घेताही तो विचारता आला असता.

पण नागपूरची कथा ट्यूडर वाटेने पुढे गेली नाही. लंडनमध्ये रंगभूमीने दरबाराची कथा उचलली आणि खलनायक कायम केला. नागपुरात रस्त्याने खलनायक बदलला. मे 1818 मध्ये आप्पासाहेब कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने लढले, पुढे पंजाब आणि अखेर जोधपूर येथे गेले. या भटकंतीने खुनाचा आरोप लोकस्मृतीत झाकून टाकला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या मारबतीचा, जिची परंपरा 1881 पासूनची मानली जाते, संबंध लोक जोडतात तो बांकाबाईंशी : दुसऱ्या रघूजींची राणी, तिसऱ्या रघूजींच्या बालपणी कारभारात असलेली, इंग्रजांना मिळालेली म्हणून.

या निवाड्यात न्याय किती? 1816 मध्ये बांकाबाई आप्पासाहेबांच्या विरोधी गटात होत्या हे खरे. 1857 मध्ये त्यांनी घराण्याला उठावापासून दूर ठेवले असे सांगितले जाते. परंतु 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, वाड्यातील जडजवाहीर लिलावात निघाले, तेव्हा लंडनपर्यंत दाद मागण्यासाठी वकील पाठवले ते याच वृद्ध राणीने. त्या अर्जविनंत्यांना मिरवणुकीत जागा नाही. इंग्रजी दस्तऐवजाने पुरुषाला दोषी ठरवले, त्याला उत्तर देताना लोककथेने स्त्रीला दोषी ठरवले. अपराध एकाच व्यक्तीत साठवण्याची रीत मात्र दोघांनीही सोडली नाही. आप्पासाहेब 1840 मध्ये जोधपुरात वारले, बांकाबाई 1858 मध्ये. भाद्रपदाच्या आरंभी महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून प्रतिमा निघते ती दुसरीचीच, आणि गावाची इडापीडा तिच्यासह गावाबाहेर नेऊन जाळली जाते.