गाडी कंपनीची, हात गावाचा

चारशे सीसीच्या आसपासची ॲडव्हेंचर मोटारसायकल घ्यायला निघालेला मुलगा आज तीन प्रश्न घेऊन येतो. कितीला पडते, टिकते का, आणि डीलर कसा आहे? पहिले दोन प्रश्न आपल्याकडे साठेक वर्षं विचारले जात आहेत. तिसरा त्या मानानं नवा आहे. आमच्या अण्णांनी कोल्हापुरात, उद्यमनगरच्या वाटेवर, मोटारसायकलच्या स्पेअरचं दुकान काढलं तेव्हा डीलरची चौकशी कुणी फारशी करत नसे. पुढं बी.कॉम. होऊन मी गल्ल्यावर बसू लागले आणि हा तिसरा प्रश्न कसा मोठा होत गेला ते काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलं.

अण्णांच्या काळात आमच्या भागात तीन गाड्यांची चुरस होती. पहिली बुलेट. इंग्लंडातल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया काढली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला ३५० सीसीची बुलेट तयार होऊ लागली. दुसरी जावा. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला, आणि १९७३ पासून हीच गाडी येझदी नावानं येऊ लागली. तिसरी राजदूत. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली ही पावणेदोनशे सीसीची टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्स कंपनी बनवायची.

ॲडव्हेंचर हा वेगळा वर्ग तेव्हा बाजारात नव्हता, पण या तिन्ही गाड्यांनी केलेलं काम त्याच जातीचं होतं. गगनबावड्याचा करूळ घाट, राधानगरीकडून उतरणारा फोंडा घाट, आंबोलीचा पाऊस, शाहूवाडीकडचे मुरमाड रस्ते हे सगळं त्यांच्याच वाट्याला आलं. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून राजदूत पहाटे गावोगावी फिरायची. येझदीचा किक आणि गिअर एकाच दांडीवर असल्यामुळं तिच्यातले सुटे भाग कमी, आणि चिखलातून ती हमखास निघायची. बुलेट वजनदार आणि महाग, पण चढावर दोन माणसं आणि एक पोतं घेऊन न कुरकुरता ओढणारी. गिऱ्हाईक किमतीचा विचार करून राजदूत घ्यायचं, दणकटपणासाठी येझदी आणि ताकदीसाठी बुलेट.

दुरुस्तीचा विचार मात्र खरेदीच्या वेळी कुणी करत नव्हतं, कारण तिन्ही गाड्या गावातच दुरुस्त व्हायच्या. शिवाजी उद्यमनगर ही लेथची, फाउंड्रीची आणि ऑइल इंजिनांची वस्ती. तिथल्या हातांना मोटारसायकलचं इंजिन अवघड नव्हतं. बुलेटचा पिस्टन घासला की सिलिंडर बोअर करायचा आणि वीसच्या ओव्हरसाइजचा पिस्टन घालायचा. पुन्हा घासला की चाळीस, मग साठ. त्यानंतर नवं स्लीव्ह. जुन्या बुलेटचं इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असत, त्यामुळं गिअर अडकला तर नुसता गिअरबॉक्स उतरवून दुकानात आणता येई. ठिणगीचा पॉइंट नेमका कधी उघडतो हे पाहायला मेस्त्री सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचे, आणि कागद सैल सुटला त्या क्षणी टायमिंग लावायचे. येझदीचे सायलेन्सर काढून, तापवून त्यातली काजळी जाळणं हे तर ठरलेलं काम होतं.

माल दोन वाटांनी यायचा. ओरिजिनल कंपनीकडून, उशिरा आणि मोजका. बाकीचा लुधियानाहून, दिल्लीच्या करोल बागेतून आणि पुण्याच्या नाना पेठेतून. डुप्लिकेट सगळाच वाईट नसे. कुठल्या कारखान्याची क्लच प्लेट वर्षभर चालते आणि कुठली महिन्यात जळते, हे अण्णांना पाठ होतं, आणि तेच आमच्या दुकानाचं खरं भांडवल होतं.

या व्यवस्थेची ताकद १९९६ नंतर दिसली. त्या वर्षी आयडियल जावाचा कारखाना बंद पडला. कंपनी गेली, डीलर गेले, तरी रस्त्यावरच्या येझदी थांबल्या नाहीत. लहान कारखानदार पिस्टन, रिंगा, केबल बनवत राहिले, मेस्त्री गाड्या उघडत राहिले आणि आमच्या दुकानात येझदीचं गिऱ्हाईक पुढं कित्येक वर्षं येत राहिलं.

याच्या उलट उदाहरण राजदूत ३५० चं. यामाहाच्या आरडी ३५० ची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये आणली. दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि वेग असा की त्या काळच्या कुठल्याच देशी गाडीला तिच्याजवळ जाता येत नव्हतं. दर्जात ती सगळ्यांच्या पुढं होती. पण पेट्रोल फार प्यायची, किंमत जड होती आणि सुटे भाग उद्यमनगरात बनवण्यासारखे नव्हते. दशक संपेपर्यंत ती बंद पडली. नुसत्या दर्जावर गाडी आपल्या रस्त्यांवर तगत नाही, हे आमच्या धंद्यानं तेव्हाच पाहिलं.

त्याच दशकात, १९८५ मध्ये, हिरो होंडाची सीडी १०० आली आणि धंद्याचं गणितच बदललं. छोटं फोर-स्ट्रोक इंजिन, तेल कमी, पेट्रोल कमी, आणि वर्षानुवर्षं न उघडता चालणारं. मेस्त्रींच्या हातचं काम घटलं, आणि फ्री सर्व्हिसच्या कुपनांमुळं माणसाला कंपनीच्या वर्कशॉपात जायची सवय लागली. बुलेट या काळात कशीबशी तरली. १९९४ मध्ये आयशरनं एनफिल्ड कंपनी घेतली, आणि २००८-०९ च्या सुमारास जुन्या बिडाच्या इंजिनाच्या जागी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं नवं इंजिन आलं. गाडी विश्वासार्ह झाली, पण नुसता गिअरबॉक्स उतरवून आणायची सोय संपली.

तिसऱ्या प्रश्नाचा खरा जन्म मात्र कायद्यातून झाला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. हवा स्वच्छ राहायला आणि माणसं वाचायला हे हवंच होतं. पण इंजिनाचा दोष आता कानानं ऐकून कळत नाही. त्यासाठी स्कॅनर जोडावा लागतो, आणि तो कंपनीच्या डीलरकडे असतो. पन्नास वर्षं गावाकडं असलेली दुरुस्ती तीन-चार वर्षांत शोरूमकडे गेली.

नेमक्या याच वर्षांत आजची चुरस उभी राहिली. मार्च २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डनं ४११ सीसीची हिमालयन आणली, शोरूमची किंमत साधारण १ लाख ५५ हजार. पुढं २१ इंची चाक, सीट ८०० मिलिमीटर उंच, ताकद सुमारे साडेचोवीस अश्वशक्ती. सुरुवातीच्या गाड्यांवर टीका झाली. पुढच्याच वर्षी इंजेक्शन आलं आणि गाडी सुधारत गेली. जुलै २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूची जी ३१० जीएस ३ लाख ४९ हजारांना आली. ती बनवायची टीव्हीएस, होसूरला. ऑक्टोबर २०२० मध्ये तिची किंमत २ लाख ८५ हजारांवर उतरली. त्याआधी जानेवारीत केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २ लाख ९९ हजारांना आली होती, बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून. ताकद ४३ अश्वशक्ती, सीट ८५५ मिलिमीटर. आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदी हे नावच परत आलं. ३३४ सीसीची येझदी ॲडव्हेंचर, सुरुवातीची किंमत २ लाख ९ हजारांच्या पुढं. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी ४५२ सीसीची हिमालयन २ लाख ६९ हजारांपासून मिळू लागली, आणि किमतीतलं अंतर बरंच मिटलं.

आकडे मांडले की निवड सोपी वाटते. रस्ता डांबरी असेल आणि वेग हवा असेल तर केटीएम. खड्डे, दगड, ओढे असतील आणि उंची बेताची असेल तर हिमालयन. पण आकड्यांत न येणारी एक गोष्ट मी घरातच पाहिली. माझ्या भाच्याची याच वर्गातली गाडी घाटात आडवी झाली. इजा नाही, पण एक सेन्सर आणि त्याची वायर गेली. गाडी एका डीलरकडे जवळजवळ अख्खा पावसाळा उभी होती. पार्ट येतोय, एवढंच उत्तर मिळत राहिलं. आमच्या दुकानात तो भाग मिळत नाही, उद्यमनगरात बनत नाही, आणि बनला तरी गाडीचा कॉम्प्युटर तो ओळखेल याची खात्री नाही. गाडीच्या दर्जात काहीच खोट नव्हती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या वर्गातल्या गाड्यांत दर्जाचा फरक आता थोडा उरला आहे आणि किमतीचा हप्त्यांत विरून जातो. फरक पडतो तो डीलर किती दूर आहे, त्याच्याकडे शिकलेले हात किती आहेत आणि कपाटात माल किती आहे, यानं. बीएमडब्ल्यूचे डीलर मोठ्या शहरांत असतात. रॉयल एनफिल्डचं जाळं खूप पसरलेलं आहे, आणि बजाजमुळं केटीएमचंही लहान शहरांपर्यंत पोचलं आहे. कोल्हापूर, सांगली किंवा सिंधुदुर्गात राहणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी डीलरच्या स्पेअर काउंटरवर जा. क्लच केबल, ब्रेक लिव्हर, फोर्कचं ऑइल सील, रेडिएटर आणि एबीएसचा सेन्सर, या पाच वस्तूंची किंमत विचारा आणि आत्ता कपाटात किती आहेत ते दाखवायला सांगा. वर्कशॉपातून बाहेर पडणाऱ्या दोन-तीन मालकांशी बोला. कंपन्यांनाही एक मागणं आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. त्याच्या पुढं जाऊन स्कॅनर, दुरुस्तीची पुस्तकं आणि प्रशिक्षण आयटीआयच्या मुलांना आणि गावातल्या मेस्त्रींना परवडेल अशा दरात द्या. बंद पडलेल्या कंपनीच्या गाड्या ज्या हातांनी चालत्या ठेवल्या, त्यांना तुमच्या गाड्या शिकायला वेळ लागणार नाही.