नाणेघाटाची वाट

जुन्नरहून पश्चिमेस निघालेला वाटसरू सह्याद्रीच्या कड्यापाशी येतो, तो खडक फोडून काढलेली एक अरुंद खिंड त्याच्या दृष्टीस पडते. हाच नाणेघाट. सातवाहनकाळी पैठणचा माल जुन्नरमार्गे येथून कोकणात उतरे आणि कल्याण, सोपारा ह्या बंदरांतून परदेशी जाई.

घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील हा लेख यज्ञांचे वर्णन करून दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण ह्यांचे आकडे नोंदवितो. ती लांबलचक यादी वाचताना आपल्या स्मरणिकेतील देणगीदारांच्या पानांची आठवण झाल्यावाचून राहत नाही! राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती मात्र भंगल्या. उरली ती नावे आणि पावलांच्या खुणा. माथ्यावरील दगडी रांजणात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. आमची भिस्त रांजणापेक्षा खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांवर अधिक आहे. तहानलेल्या माणसाजनावरांची एवढी काळजी ज्या वाटेवर घेतली, ती वाट रहदारीची होती ह्यात शंका नाही.

परंतु घाटाचे दैव बंदराशी बांधलेले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो की, कल्याण दुसऱ्या सत्तेखाली गेल्यावर तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. तरीही तेथील माल गाड्यांतून भडोचलाच पोचे. जवळचे बंदर असून नसल्यासारखे झाले!

भडोचच्या मार्गावर क्षत्रप नहपानाचे वर्चस्व होते. त्याचा जावई उषवदात ह्याने भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या, दमण, तापी, डहाणुका इत्यादी नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या, असे नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतो. शत्रुपक्षाचा असला तरी ह्या गृहस्थाने प्रवाशांचे दुःख जाणले होते, हे मान्य केले पाहिजे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाची 13,000 हून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उमटविलेला आहे. आणि त्यानंतरच्या काळात कान्हेरीच्या लेण्यांतून कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आढळतात.