निफ्ट, नाहीतर काहीच नाही?

दहावी-बारावीचे निकाल लागले की शहापूर-मुरबाडच्या घरांतून एक निवाडा हमखास ऐकू येतो. मुलीला कापडाची आवड आहे, शासकीय रेखाकलेची इंटरमिजिएट तिने चांगल्या श्रेणीत पार केली आहे, शिलाई मशीनवर हात बसला आहे. पण निवाडा ठरलेला: "फॅशन शिकायची तर निफ्टमध्येच. तिथे नंबर लागला तर ठीक, नाहीतर सरळ बी.कॉम. कर." असे सांगणारे मुलीचे वैरी नसतात. तिचा मामा असतो, शाळेतले सर असतात. म्हणून त्यांचे म्हणणे आधी नीट मांडते.

पूर्वपक्ष असा. निफ्ट ही संस्था १९८६ साली केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने उभी केली. २००६च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. रितू बेरी, मनीष अरोरा, सब्यसाची मुखर्जी तिथेच शिकले. नोकरी देणाऱ्या कंपन्या तिच्या दारी येतात. तिचे मुंबई केंद्र खारघरला आहे, म्हणजे शहापूरजवळच्या आसनगाव स्टेशनहून निघून ठाण्याला गाडी बदलली की पोहोचता येते. शिवाय हा धंदा ओळखीपाळखीचा. गावाकडच्या मुलीला ओळखी कुठल्या? त्या संस्थेच्या नावाने मिळतात. मग दुय्यम ठिकाणी चार वर्षे आणि बापाचे पैसे का घालवावेत?

यातला तपशील खरा आहे, आणि निफ्टबद्दलचा आदर मलाही मान्य आहे. निष्कर्ष मात्र या तपशिलातून निघत नाही.

पहिला प्रश्न: मुलीला नेमके काय शिकायचे आहे? कापडावरची आणि कापडातली नक्षी रचणे हे एक काम. कपडा बेतणे, त्याचा घाट ठरवणे हे दुसरे. सूत, माग, रंग आणि रसायन यांचे शास्त्र सांभाळणे हे तिसरे. तिन्हींचे शिक्षण वेगळे, प्रवेशपरीक्षा वेगळ्या, पुढची नोकरीही वेगळी. खुद्द निफ्टमध्ये वस्त्ररचना, विणीचे कपडे, चर्मवस्तू, फॅशन संज्ञापन असे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत आणि तिथली तंत्रज्ञानाची पदवी गणिताशिवाय मिळत नाही. पैठणीचा पदर पाहून जी मुलगी "हा मोर धाग्यात बसवला कसा?" असे विचारते, तिला फॅशन संज्ञापनाची जागा मिळाली तर तिचे भले झाले असे कोण म्हणेल? नावापोटी विषय सोडणे हा व्यवहार नव्हे. तो तोटा आहे.

दुसरा मुद्दा गुणवत्तेचा. भारताला पहिले ऑस्कर मिळाले ते वेशभूषेसाठी, १९८३ साली, 'गांधी' चित्रपटाकरिता. त्याच्या मानकरी भानू अथैया कोल्हापूरच्या. शिकल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि तेही चित्रकला. प्रतिपक्ष म्हणेल, तेव्हा निफ्ट होती कुठे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या उदाहरणावरून संस्था नकोत असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की रेषा, रंग आणि मानवी देह यांचा कसून केलेला अभ्यास हा या विद्येचा पाया आहे, आणि तो पाया घालणारी १८५७ सालची संस्था आजही उभी आहे. तिथे वस्त्ररचनेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. आसनगावहून सुटणारी लोकल जिथे थांबते, त्या सीएसएमटीपासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. याच मध्य रेल्वेच्या वाटेवर माटुंग्याला व्हीजेटीआय आहे, १८८७ची, वस्त्र-अभियांत्रिकी शिकवणारी. तिच्या शेजारी, जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी असलेली, रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. १९३३ साली ती सुरू झाली तीच वस्त्ररसायन हा विषय घेऊन. जुहूला एसएनडीटी, मरीन लाइन्सला निर्मला निकेतन, आणि दूर जायची तयारी असेल तर इचलकरंजीला १९८२पासून डीकेटीई, भोवती यंत्रमागांचे शहर घेऊन बसलेली. यांना 'काहीच नाही' म्हणायचे?

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे येते. ग्रामीण ठाण्यातली मुलगी या विद्येपासून दूर आहे, असे गृहीत धरले जाते. नकाशा उघडा. शहापूर तालुक्याला खेटून भिवंडी आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. मुरबाडहून कल्याणला येताना वाटेत शहाडला सेंचुरी रेयॉन लागते. तिथे लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोसचा धागा निघतो. पलीकडे उल्हासनगर, जीन्सचे गाव. धागा, कापड आणि शिवलेला कपडा अशी सगळी साखळी एका एसटीच्या टप्प्यात आली. दिल्लीतल्या किती विद्यार्थ्यांना ही सोय आहे?

आणि ही नुसती भूगोलाची शेखी नव्हे. भिवंडीच्या कारखान्यात उभे राहिले की ताणा-बाणा हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. सायझिंगला सुताला खळ कमी बसली की मागावर धागे तुटतात, डॉबीवर जी नक्षी निघते ती निघते आणि जी निघत नाही तिला जॅकार्ड लागते, हे माग दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरच्या हाताकडे पाहून तासाभरात कळते. तिथले पुष्कळसे कापड ग्रे म्हणून, म्हणजे न धुतलेले, न रंगवलेले, व्यापाऱ्याकडे जाते. रंग, छपाई आणि ब्रँड यांचा नफा दुसरीकडे. या साखळीत रचनाकाराची जागा कुठे रिकामी आहे, हे या भागातल्या मुलीने पाहायचे नाही तर कोणी? उल्हासनगरच्या जीन्स धुलाईने वालधुनी नदीचे काय झाले, तेही तिने पाहावे. निळा रंग उतरवायला किती पाणी लागते, हा प्रश्न भातसा आणि तानसा या धरणांच्या तालुक्यातल्या मुलीला कोणी शिकवावा लागत नाही.

इथे मला उलट बाजूलाही अडवले पाहिजे. निफ्ट नाही मिळाली, तर स्टेशनबाहेरच्या फलकावर 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिणारी कोणतीही अकादमी चालेल, हे मतही तितकेच चूक आहे. किंबहुना ते पहिल्याच मताचे अपत्य आहे: नावाला भुललेला माणूस एक नाव हुकले की दुसऱ्या चकचकीत नावामागे जातो. पदवी विद्यापीठाची आहे का? पदविका तंत्रशिक्षण मंडळाची आहे का? नसेल, तर तो खासगी कागद आहे. आणि प्रश्न फक्त कागदाचा नाही, पैशाचाही आहे. जुलै २०२४च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी कुटुंबांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. अनुसूचित जमातीच्या मुलींसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, वसतिगृहात जागा नसेल तर स्वयम् योजना आहे. त्यासाठीचे प्रकल्प कार्यालय शहापुरातच आहे. मान्यता नसलेल्या अकादमीत यातले काही लागू होत नाही. ज्या घरात फीसाठी जमिनीचा तुकडा विकायची वेळ येते, तिथे हा फरक गौण आहे का?

ओळखीपाळखीचा मुद्दा राहिला. तो खरा आहे, पण अर्धा. कारखान्यात शब्द चालतो तो कटिंग मास्तरचा, रंगशाळेतल्या जाणत्याचा. ते पदवीवरचे नाव वाचत नाहीत, कापड हातात देऊन विचारतात, "यात काय बिघडलंय?" ज्याला उत्तर येते त्याची ओळख त्या दिवशी होते.

म्हणून प्रवेशाआधी संस्थेत जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात असा माझा आग्रह आहे. माग आहेत का, आणि ते चालतात का? पहिल्या वर्षाची मुले आठवड्यातून किती तास मागावर आणि रंगशाळेत असतात? गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेली मुले आज कुठे काम करतात, हे नावानिशी सांगता येते का? निफ्ट या कसोटीला उतरेल, तर जरूर निफ्ट. जे उतरेल ते. उत्तर द्यायला जे टाळाटाळ करतील, त्यांना फी देण्याचे एकही कारण मला सापडलेले नाही. प्रतिपक्षाकडे असेल, तर त्यांनी ते वाचकांपुढे ठेवावे.