डहाणूची चिमणी आणि अठरा वर्षांची एक अट

मागच्या वेळी आपण मुंबईला वीज कुठून कुठून येत गेली ते पाहिलं. त्यातलं एक ठिकाण घाईत राहून गेलं, म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल बोलू. पश्चिम रेल्वेने गुजरातकडे जाताना डहाणूजवळ एक उंच चिमणी दिसते. उंची सुमारे २७५ मीटर. आपल्यापैकी अनेकांनी ती खिडकीतून पाहिली असेल.

ही चिमणी ज्या औष्णिक केंद्राची आहे ते ५०० मेगावॉटचं, म्हणजे २५० मेगावॉटचे दोन संच. ते उभं आहे खाडीच्या काठी, खाजणाच्या पट्ट्यात. बराचसा कोळसा छत्तीसगडच्या खाणींतून रेल्वेने येतो आणि तयार झालेली वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. वारली पाडे, चिकूच्या वाड्या आणि मच्छिमारांची गावं असलेल्या तालुक्यात धूर राहणार आणि दिवे शंभरेक किलोमीटरवर लागणार, असा हा व्यवहार. दोन हजारच्या दशकातलं भारनियमन आठवत असेल तर हेही आठवेल, की तेव्हा अंधार ग्रामीण महाराष्ट्राच्या वाट्याला होता, मुंबई त्यातून वगळलेली होती.

आता कालक्रम नीट पाहू, कारण सगळी गोम त्यातच आहे. १९८९ साली तेव्हाच्या बीएसईएस कंपनीला केंद्राच्या पर्यावरण खात्याची परवानगी मिळाली. परवानगीत एक अट होती : धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवायची. तिला एफजीडी म्हणतात. स्थानिक लोक आणि मुंबईतले पर्यावरणवादी न्यायालयात गेले. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी कायम ठेवली, मात्र ही अट पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये असंही सांगितलं. आणि गंमत बघा, त्यानंतर तीनच महिन्यांनी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला! सगळ्या तालुक्यात मिळून उद्योगांना ५०० एकरांपेक्षा जास्त जागा द्यायची नाही, असा त्यात नियम. केंद्र मात्र आधीच मंजूर झालेलं. १९९५ मध्ये वीज सुरू झाली, एफजीडीशिवाय.

कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद असा, की भारतीय कोळशात राख भरपूर असते, पण गंधक कमी. मग एवढा खर्च कशाला? वरवर पाहता बरोबर वाटतं. आपण हिशेब करून पाहू. एवढ्या केंद्राला पूर्ण भाराने चालताना दिवसाला ढोबळमानाने सहा हजार टन कोळसा लागतो. त्यात अर्धा टक्का गंधक धरला तर झाला ३० टन. जळताना त्याला ऑक्सिजन चिकटतो आणि वजन दुप्पट होतं, म्हणजे रोज ६० टन सल्फर डायऑक्साइड. चिमणी उंच असली की तो पातळ होऊन दूर पसरतो, एवढंच. नाहीसा होत नाही.

३१ ऑक्टोबर १९९६ ला, बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं. अध्यक्ष झाले निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, म्हणजे दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. आमच्या मते या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. निकाल येतो आणि फायलीत जातो, हे आपण पाहतोच. इथे निकालानंतर कोणीतरी पुन्हा पुन्हा बैठक लावून विचारत राहिलं : यंत्रणेचं काय झालं? १९९९ मध्ये प्राधिकरणाने एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. मग टाळाटाळ, कोर्टकचेरी, मध्येच कंपनीची मालकी बदलली. प्राधिकरणाने मोठ्या रकमेची बँक हमी मागितली, तेव्हा कुठे गाडी हलली. २००७ साली यंत्रणा सुरू झाली. अट घातली तेव्हा जन्मलेलं मूल मतदार झालं होतं.

ही यंत्रणा समुद्राच्या पाण्यावर चालते. समुद्राचं पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असतं, ते धुरातला वायू शोषून घेतं. मग त्या पाण्यात हवा खेळवून त्याचं सल्फेट करतात आणि पाणी परत सोडतात. सल्फेट समुद्रात मुळातच भरपूर असतं.

पण पाणी म्हटलं की खाडी आली, आणि खाडीबद्दल या सगळ्या वादात फार कमी बोललं गेलं. बागायतदार इराणी-पारशी, शिकलेले, त्यांना इंग्रजीत अर्ज करता येत होते. चिकूचा मोहोर गळतो, ही तक्रार दिल्लीपर्यंत पोचली. (त्याला एकटी चिमणीच जबाबदार, असं आम्ही म्हणणार नाही, पाणी, कीड, हवामान सगळंच त्यात आहे.) खाडीत हाताने कोलंबी, खेकडे, शिंपल्या गोळा करणाऱ्या बायकांचा माल कुठल्या वहीत नोंदलेला नव्हता. खाजण भरलं गेलं, त्यांचं नुकसान मोजणार कशाने?

डिसेंबर २०१५ मध्ये देशभरच्या केंद्रांना गंधकाची मर्यादा लागू झाली, मग मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना एफजीडीतून सूटच मिळाली. कारण म्हणून जुनाच मुद्दा पुढे आला : आपल्या कोळशात गंधक कमी.

धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता आणि याच प्राधिकरणाने, अर्थात नव्या सदस्यांसह, २०२३ मध्ये त्याला परवानगी दिली. वाढवणचा विषय मोठा आहे, त्यासाठी पुढचं व्याख्यान राखून ठेवू.